पायातला काटा आणि पांढरा दाणा

आमच्या बौद्धवाडीत लहानथोर सगळे ज्यांना मामा म्हणतात, त्यांची ही हकीकत आहे. नाव देऊ नका, पण लिहा जरूर, असे मामांनीच आम्हांला सांगितले. "माझी पाच वर्षं फुकट गेली, दुसऱ्या कोणाची जाऊ नयेत," एवढेच त्यांचे म्हणणे.

मामांचे तरुणपण पेण-उरणकडच्या मिठागरांत गेले. मिठागरांतले काम कमी होत गेले तसे ते गावी परतले. पावसाळ्यात लावणी, पुढे कापणी आणि उरलेल्या दिवसांत नारळी-पोफळीच्या वाड्यांना कुंपण घालणे, अशी त्यांची मजुरी चाले. २०१२ सालच्या थंडीत कुंपणाच्या बाभळीचा काटा त्यांच्या उजव्या तळव्यात मोडला. मामींनी सुईने उकरून काढला, वर हळद दाबली. दुसऱ्या दिवशी मामा कामावर हजर. ज्याचे पोट हातापायावर आहे, त्याच्या घरी काट्याचे कौतुक कोण करणार?

वर्ष-दीड वर्षाने त्याच जागी सुपारीएवढी गाठ आली. ती दुखत नव्हती, आणि सगळा घोटाळा इथेच झाला. दुखत असती तर मामा लवकर धावले असते. गाठ वाढत गेली, पाय सुजून जड झाला, गाठीला तोंडे फुटली आणि त्यांतून पू झिरपू लागला. मग दवाखान्यांची फेरी सुरू झाली. एकाने भोवरी म्हणून कापली. दुसऱ्याने पाच-पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. तेवढ्यापुरता पू आटायचा, पुन्हा वाहायचा. तिसऱ्या ठिकाणी गाठ कापून टाके घातले; वर्ष भरायच्या आत शेजारी तीन नवी तोंडे उघडली. भगताकडेही जाऊन झाले. त्याने अंगारा दिला, कोंबडा घेतला आणि 'बाहेरचं आहे' असे सांगितले. या सगळ्यात मामींच्या कानांतल्या कुड्या मोडल्या आणि पाय चपलेत मावेनासा झाला.

याहून वाईट गोष्ट पुढे घडली. वाडीत कुजबुज सुरू झाली की मामांना महारोग झाला आहे. एका लग्नात सर्वांना स्टीलच्या पेल्यांतून चहा मिळाला, मामांना मात्र कागदी कपात. मामा काही बोलले नाहीत. कप तसाच ठेवून घरी गेले. वेगळ्या पेल्याचा आणि वरून ओतलेल्या पाण्याचा अर्थ आपल्या आजा-पणज्यांनी जन्मभर सोसला. तोच पेला आपल्याच वाडीत, आपल्याच हाताने, आपल्याच माणसापुढे ठेवला गेला. आम्हीही त्या मांडवात होतो आणि गप्प राहिलो, हे लिहिताना लाज वाटते. त्या लाजेपोटीच आम्ही मामांना मुंबईला न्यायचे ठरवले.

पाच वर्षांत कोणी न विचारलेला प्रश्न

२०१७ सालच्या नोव्हेंबरात रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि एका सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढला. तीन तास बाकावर बसल्यावर नंबर लागला. एका तरुण डॉक्टरबाईंनी पाय उजेडात घेतला, तोंडे मोजली आणि विचारले, "मामा, या पुवाबरोबर कधी दाणे पडतात का? रव्यासारखे, खसखशीसारखे?"

मामा म्हणाले, "पडतात ना. आमची बायको म्हणते, इतकी वर्षं मिठागरात काढलीत, आता पायातून मीठ पडतंय."

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी लगेच वरिष्ठांना बोलावले. त्या तोंडांवर स्वच्छ गॉज बांधून मामांना रात्रभर ठेवून घेतले. सकाळी गॉज सोडला तर त्यावर पिवळसर पांढरे बारीक दाणे चिकटलेले. त्यांतले काही काचपट्टीवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, काही वाढवून पाहण्यासाठी प्रयोगशाळेत गेले, आणि पायाचा खोलवरचा एक लहान तुकडा तपासणीला घेतला. रोगाला नाव मिळाले: मायसेटोमा. त्याचे जुने नाव मदुरा फूट, म्हणजे मदुरेचा पाय.

आम्ही बी. कॉम. झालेले कारकून. वैद्यकाची पदवी आमच्याजवळ नाही. पण पुढची दीड-दोन वर्षे मामांबरोबर रुग्णालयाच्या पायऱ्या झिजवताना जे विचारले, वाचले आणि डॉक्टरांकडून समजून घेतले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

मुंबईत नाव मिळालेला रोग

या रोगाची पहिली वैद्यकीय नोंद १८४२ साली गिल नावाच्या इंग्रज डॉक्टराने तामिळनाडूतील मदुरा, म्हणजे आजच्या मदुराई येथून केली. मदुरा फूट हे नाव त्यावरून पडले. पण हा बुरशीचा रोग आहे असे मांडून त्याला मायसेटोमा हे नाव दिले ते मुंबईत, १८६० साली. नाव देणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत. वैद्यकीय विद्यार्थी आजही ज्याचे नाव घेतात त्या 'ग्रेज ॲनाटॉमी' या १८५८ सालच्या ग्रंथातील आकृत्या याच कार्टरनी काढल्या होत्या. १८७४ साली त्यांनी मायसेटोमावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयाच्या आवारातले ते कॉलेज आपल्या भाऊच्या धक्क्यापासून फार दूर नाही.

म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या मुंबईत ज्या रोगाला नाव मिळाले, तो ओळखला जायला अलीकडच्या किनाऱ्यावरच्या मजुराची पाच वर्षे गेली. याला एक कारण आहे. हा रोग मुख्यत्वे कोरड्या, काटेरी मुलखाचा. सुदान, मेक्सिको, आपल्याकडे राजस्थान आणि तामिळनाडू येथे तो अधिक दिसतो. कोकणातल्या धो धो पावसाच्या पट्ट्यात तो क्वचित. जो रोग क्वचित दिसतो तो डॉक्टरच्याही चटकन लक्षात येत नाही. म्हणून रोग्याने आणि घरच्यांनीच डोळे उघडे ठेवावयास हवेत.

दुसरे कारण गरिबीचे आहे. हा रोग होतो अनवाणी राबणाऱ्याला. त्याच्याकडे ना औषध कंपन्यांचे लक्ष, ना सरकारांचे. जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले ते २०१६ साली, म्हणजे कार्टरनी नाव दिल्यानंतर तब्बल १५६ वर्षांनी.

तीन खुणा लक्षात ठेवा

या रोगाचे बीज मातीत, शेणात, काट्यांवर असते. काटा, खडा किंवा काडी टोचली की ते कातडीखाली जाते आणि महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे आत वाढत राहते. बहुतेकांना पायावर होतो. क्वचित हातावर, पाठीवर किंवा डोक्यावरही होतो. ओझे वाहणाऱ्यांच्या खांद्या-पाठीवरही तो आढळला आहे.

पहिली खूण, न दुखणारी घट्ट सूज किंवा गाठ, जी हळूहळू वाढते. दुसरी खूण, तिला फुटलेली अनेक तोंडे. एक मिटते, दुसरे उघडते. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे पुवातून पडणारे दाणे. काळे, पांढरे, पिवळसर किंवा लाल. हा प्रत्येक दाणा म्हणजे रोगजंतूंची एक वसाहतच असते. तिन्ही खुणा एकत्र दिसल्या तर मायसेटोमाची शंका घेतलीच पाहिजे. दाणा पडला तर तो पुसून टाकू नका. उकळून वाळवलेल्या लहान बाटलीत तो ठेवून डॉक्टरांना दाखवा.

हा रोग एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवल्याने, एका पेल्यातून प्यायल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने लागत नाही. तो लागतो मातीतून, काट्यातून.

आणि समजा, मामांना खरोखरच कुष्ठरोग असता तरी? त्यावरची बहुविध औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात आणि उपचार सुरू झाल्यावर लवकरच रोग्यापासून इतरांना संसर्ग होणे थांबते. त्या कागदी कपाला विज्ञानाचा आधार तेव्हाही नव्हता.

एकच नाव, पण रोग दोन

आता जे सांगत आहोत ते नीट वाचावे, कारण पाय वाचणार की नाही हे बरेचसे यावर ठरते. मायसेटोमा दोन प्रकारचा असतो. एक खऱ्या बुरशीमुळे होतो, त्याला युमायसेटोमा म्हणतात. दुसरा बुरशीसारखे धागे काढणाऱ्या जिवाणूंमुळे होतो, तो ॲक्टिनोमायसेटोमा. बाहेरून पाय सारखाच दिसतो. औषधे मात्र पूर्ण वेगळी. बुरशीचे औषध जिवाणूवर चालत नाही, जिवाणूचे बुरशीवर चालत नाही.

दाण्याच्या रंगावरून थोडा अंदाज बांधता येतो. काळा दाणा बहुधा बुरशीचा, लाल दाणा जिवाणूचा. पांढरा किंवा पिवळसर दाणा दोन्हींचा असू शकतो. म्हणून रंगावर न थांबता दाणा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. बुरशीचे धागे जाड दिसतात, जिवाणूंचे अगदी बारीक. त्यापुढे खोलवरचा तुकडा काढून तपासणे, प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणे, रोग हाडापर्यंत गेला का हे पाहण्यासाठी क्ष-किरण, आणि गरज पडल्यास सोनोग्राफी किंवा एमआरआय. जंतू वाढून निकाल यायला काही आठवडे लागतात. त्या आठवड्यांत कंटाळून दुसरीकडे जाऊ नये. आधी घेतलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगावीत, कारण अर्धवट औषधांमुळे जंतू वाढत नाहीत आणि निकाल फसवा येतो.

मामांच्या दाण्यात बारीक धागे निघाले. म्हणजे जिवाणूंचा प्रकार. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मामा, पाय खराब झालाय, पण नशीब बरं. हा प्रकार औषधानं बरा होतो."

उपचार: लांबचा, पण होण्यासारखा

जिवाणूंच्या प्रकारावर ॲमिकासिनची इंजेक्शने आणि कोट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या अशी जोडी अनेक ठिकाणी वापरतात. तीन आठवडे इंजेक्शने, मग तपासण्या, गोळ्या चालूच, आणि पुन्हा इंजेक्शने, अशी आवर्तने असतात. ॲमिकासिनने ऐकू कमी येऊ शकते आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. म्हणून मधूनमधून कानांची आणि रक्ताची तपासणी करावी लागते. सल्फा औषधाने अंगावर पुरळ उठले तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी २००० साली पेनिसिलिन, जेंटामायसिन आणि कोट्रायमॉक्सॅझोल यांनी सुरुवात करून पुढे फक्त गोळ्यांवर नेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कोणाला कोणती पद्धत, हे तज्ज्ञांनीच ठरवायचे.

बुरशीचा प्रकार अधिक चिवट. त्यावर इट्राकोनॅझोल कॅप्सूल रोज, निदान वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ घ्यावी लागते. ही कॅप्सूल जेवणानंतर घ्यायची असते, आणि तिच्याबरोबर पित्ताची औषधे घेतली तर ती अंगी लागत नाही. मध्ये मध्ये यकृताची तपासणी हवी. औषधाने गाठ आवळून आली की शस्त्रक्रिया करून ती पूर्ण काढतात आणि नंतरही औषध चालू ठेवतात. औषधाविना नुसती गाठ कापली तर रोग बहुधा परत येतो. मामांचे टाके का वाया गेले, हे तेव्हा आम्हांला उमगले. फारच उशीर झाला तर पाय काढण्याची पाळी येते.

सुदानमध्ये खार्टूम येथे १९९१ साली मायसेटोमा संशोधन केंद्र सुरू झाले. जगातले हे मोठे केंद्र. तेथे फॉसरॅव्हुकोनॅझोल या नव्या औषधाची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाले. हे औषध इट्राकोनॅझोलहून अधिक गुणकारी ठरले नाही, पण रोज दोनदा औषध घेण्याऐवजी आठवड्यातून एकदाच घेऊन भागते. मजुरी करणाऱ्या रोग्याला ही केवढी सोय! दुर्दैवाने २०२३ साली सुरू झालेल्या तेथील युद्धात ते केंद्रच उद्ध्वस्त झाले. गरिबांच्या रोगावर काम करणाऱ्या संस्था मुळात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यांतली ही एक गेली.

किनाऱ्यावरची आणखी दोन दुखणी

मायसेटोमा कोरड्या मुलखाचा असला तरी दमट, पावसाळी हवेत वाढणारा त्याचा एक भाऊबंद आहे. नाव आहे क्रोमोब्लास्टोमायकोसिस. भारतात हिमालयाच्या पायथ्याशी आणि पूर्व-पश्चिम किनाऱ्यांवर तो आढळला आहे. हाही काटाकाडी टोचूनच येतो. पायावर किंवा पोटरीवर आधी चामखिळीसारखा उंचवटा येतो, तो वर्षानुवर्षे पसरून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा खरबरीत होतो. त्यावर काळे ठिपके दिसतात. कातडीचा क्षय किंवा साधी चामखीळ समजून त्याची फसगत होते. काळ्या ठिपक्यांच्या जागची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की तांबूस-तपकिरी गोल पेशी दिसतात आणि निदान पक्के होते. इट्राकोनॅझोल, टर्बिनाफिन, गाठ गोठवून जाळणे आणि लहान असेल तर कापून काढणे, असे त्याचे उपचार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्याच यादीत हा रोग २०१७ साली आला.

दुसरे दुखणे स्पोरोट्रायकोसिस. हे आपल्याकडे मुख्यत्वे हिमाचल, उत्तराखंड, ईशान्य भारत या भागांत आढळते. हातावर काटा टोचलेल्या जागी गाठ येते आणि तिच्यापासून वर दंडापर्यंत माळेतल्या मण्यांसारख्या गाठी एका ओळीत उठतात. ही माळ दिसली की ओळखायला सोपे. यावर इट्राकोनॅझोल चालते आणि पोटॅशियम आयोडाइडचे जुने, स्वस्त थेंबही उपयोगी पडतात. कामासाठी तिकडे गेलेल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि घरोघरचा नायटा

हे झाले क्वचितचे रोग. पण घरोघर असलेल्या नायट्याची, म्हणजे गजकर्णाचीही तीच गत झाली आहे, म्हणून दोन शब्द. घामाने ओले कपडे दिवसभर अंगावर, हवा दमट, त्यात एकाच टॉवेलाने घरातील पाच जण अंग पुसणार. नायटा होणारच. मग औषधाच्या दुकानातून 'खाजेची ट्यूब' आणली जाते. तिच्यात बहुधा क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड असते. खाज एका दिवसात थांबते, बुरशी मात्र आतून पसरत राहते. चट्ट्याचे रूप बदलते, कातडी पातळ होते, जांघेत कायमचे वळ उमटतात, आणि डॉक्टरांनाही रोग ओळखणे अवघड जाते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. नियम कागदावर आहे, तो पाळायला लावणे आपल्या हाती आहे.

अशा अर्धवट उपचारांना दाद न देणारी नायट्याची एक बुरशी भारतात पसरली. तिला २०२० साली जपानी संशोधकांनी ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए असे नाव दिले. त्या नावात आपल्या देशाचे नाव आहे, पण अभिमान वाटावा असे हे नाव नव्हे. टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध तिच्यावर पुष्कळदा चालत नाही. २०२३ साली ती अमेरिकेतही आढळली. तेव्हा नायट्यालाही आधी कातडीची खरवड तपासून घ्यावी. पोटॅश टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची ही तपासणी साधी आणि लवकर होणारी आहे. मग सांगितले तितके आठवडे पूर्ण औषध घ्यावे, आणि घरातल्या सर्व बाधितांनी एकाच वेळी घ्यावे.

आपण काय करावयाचे?

पायांत बूट घाला, असा उपदेश शहरातील माणूस सहज करतो. लावणीच्या चिखलात बूट अडकतो, पाय निघत नाही, हे आम्हीही जाणतो. तरीही जे शक्य आहे ते करावे.

१. कुंपण घालताना, काटे तोडताना, लाकूडफाटा गोळा करताना, बांधावरून चालताना जाड तळव्याचे पायताण घालावेच. चिखलाचे काम वेगळे आणि काट्याचे वेगळे.

२. काटा मोडला तर चुलीजवळच्या सुईने उकरू नये. साबणाने पाय धुऊन, उकळलेल्या सुईने किंवा चिमट्याने पूर्ण काढावा. निघत नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. धनुर्वाताची सुई चुकवू नये.

३. रात्री झोपण्यापूर्वी पाय धुऊन, पुसून, उजेडात पाहावेत. म्हाताऱ्या माणसांचे पाय मुला-नातवंडांनी पाहावेत.

४. कोणतीही गाठ, चामखीळ किंवा जखम सहा आठवड्यांत बरी झाली नाही, तर ती दुखत नसली तरी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावी. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात दाखवावे, तेथून मुंबईला पाठवले तर जावे.

५. डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट विचारावे, "साहेब, हे कशामुळे झालं? तपासणी करून बघायची का?" प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

६. प्रत्येक केसपेपर, चिठ्ठी आणि अहवाल एका फाइलीत तारखेप्रमाणे लावून ठेवावा. आम्ही कारकून असल्याने मामांची अशी फाइल केली होती. मोठ्या डॉक्टरांनी ती चाळली आणि पाच वर्षांत कोणती औषधे झाली, कोणती तपासणी झालीच नाही, हे पाच मिनिटांत त्यांच्या ध्यानी आले.

७. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. मोठ्या सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांना भेटून औषधांच्या मदतीची आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी. शिधापत्रिका आणि आधारकार्ड बरोबर ठेवावे.

पुन्हा तो पेला

मामांनी इंजेक्शनांची तीन आवर्तने घेतली. पहिल्या वेळी रुग्णालयात राहावे लागले. मजुरी बुडाली, तेव्हा वाडीतील तरुणांनी घराघरातून तांदूळ गोळा करून दिले. सहाव्या महिन्यात पू थांबला. एकेक तोंड मिटत गेले. पण गोळ्या थांबवल्या नाहीत. मामा एकदा कंटाळून म्हणाले, "आता बरं वाटतंय, बंद करू का?" मामींनी कॅलेंडरवर प्रत्येक दिवशी काट मारायची रीत घातली होती. त्या म्हणाल्या, "दाणा पाच वर्षं आत बसला, गोळीला वर्षभर तरी बसू द्या." २०१९ सालच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी औषध थांबवले. त्यानंतरही ठरलेल्या तारखांना तपासणीला जावे लागले. दोन बोटे ताठ राहिली, तळव्यावर वण राहिले, पण पाय राहिला. मामा चपला घालून चालतात. कुंपणाची कामे सोडली, आता वाडीचे शिंपणे पाहतात.

मागे वाडीत एका नामकरणाच्या कार्यक्रमाला मामा आले होते. चहा आला तेव्हा एका मुलीने स्टीलचा पेला त्यांच्या हातात दिला. मामांनी चहा पिऊन पेला तिच्याकडे परत केला. तिने तो विसळला आणि पुढच्या पाहुण्याला त्यातच चहा दिला. कोणी काही बोलले नाही. पण मामींनी आमच्याकडे पाहिले आणि डोळ्यांना पदर लावला.

आज रात्री आपल्या घरातील राबणाऱ्या माणसाचे पाय एकदा दिव्याखाली धरून पाहा. आणि पायात गाठ घेऊन कोणी गप्प बसला असेल, तर त्याला आधी आपल्या पंगतीत बसवा आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात घेऊन जा.